तीन ते तेरा सप्टेंबर

सप्टेंबर तीस दिवसांचा असतो हे मी लहानपणीच मुठीच्या उंचवट्यांवर बोट ठेवून शिकलो. तरी आमच्या घरात हा महिना बरीच वर्षं एकोणीस दिवसांचा धरला जातो. दोन तारखेनंतर एकदम चौदा. फ्रिजवरच्या कॅलेंडरमध्ये तीनपासून तेरापर्यंतच्या चौकटींवर मी फूटपट्टी धरून लाल रेघ मारतो. पाहुणे विचारतात, हे काय? आम्ही सांगतो, हे दिवस नाहीत. मग चहा होईपर्यंत सगळी गोष्ट सांगावी लागते.

इथला सप्टेंबर गावाकडच्या सप्टेंबरसारखा नसतो. पाऊस नाही, हिरवं काही नाही. सकाळी खिडकीच्या काचा बाहेरून घामेजलेल्या असतात, आतून गार. गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसतो आणि त्याच वेळी मानेवरून घाम ओघळतो. पण महिन्याच्या मध्यावर एखाद्या संध्याकाळी बाल्कनीचं दार उघडावं आणि लगेच बंद करावंसं वाटू नये, असं होतं. तो या वाळवंटातला ऋतुबदल. तापमानात एक-दोन अंशांचाच फरक असेल, पण चार महिने कोंडून राहिलेल्या माणसाला तो पुरतो. बाजारात ओल्या खजुराचे शेवटचे घोस असतात, आणि आमच्यासारखी माणसं दुर्वा कुठे मिळतील याची चौकशी करत हिंडत असतात. अशी हवा लागली की मला दोन हजार आठचा सप्टेंबर आठवतो.

तेव्हा आम्ही शारजात, अल मजाजला, खाडीकाठच्या एका टॉवरमध्ये राहत होतो. मी, बायको अनघा आणि दहा वर्षांची मुलगी रेवा. रेवा ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत जायची. मी एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर. इमारत जमिनीवर उभी राहण्याआधी ती कागदावर दिवसांत उभी करायची, हे माझं काम. पाया इतके दिवस, स्लॅब इतके दिवस, लिफ्ट इतके दिवस. प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी, आणि पट्टीला पट्टी जोडलेली. एक सरकली की पुढच्या सगळ्या सरकतात.

त्या उन्हाळी सुट्टीत शाळेने प्रत्येक मुलाला एक महिना वाटून दिला होता. त्या महिन्यातल्या तारखांना ब्रिटनच्या इतिहासात काय काय घडलं त्याचा मोठा तक्ता करून आणायचा. रेवाच्या वाट्याला सप्टेंबर आला. मला हे काम परकं वाटलं नाही. मिरजेला आमच्या शाळेत फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात रोज दिनविशेष लिहायचा असे, आणि अक्षर बरं म्हणून दोन वर्षं ते माझ्याकडे होतं. ज्या दिवशी कुणाची जयंती नाही की पुण्यतिथी नाही, त्या दिवशी गुरुजी म्हणत, आज सुविचारच दोन लिही. फळा रिकामा ठेवायचा नाही.

तर मी हौसेने तीस चौकटी आखायला बसलो. रेवा शाळेच्या पुस्तकातून एकेक तारीख वाचत होती. दोन सप्टेंबर सोळाशे सहासष्ट, लंडनमध्ये एका बेकरीतून आग लागली आणि चार-पाच दिवसांत शहराचा मोठा भाग जळून गेला. तीन सप्टेंबर एकोणीसशे एकोणचाळीस, दुसऱ्या महायुद्धात उतरल्याची घोषणा. पंधरा सप्टेंबर एकोणीसशे चाळीस, लंडनच्या आकाशातली विमानांची मोठी लढाई. मी पहिल्या दोन चौकटी आखून तिसरीकडे वळलो तेव्हा तिने माझा हात धरला.

"बाबा, डोन्ट ड्रॉ दीज इलेव्हन बॉक्सेस."

"का?"

"दे डिडन्ट हॅपन."

मी हसलो. मग तिने पान दाखवलं. सतराशे बावन्न साली ब्रिटनने जुनं कॅलेंडर सोडून नवं घेतलं. बाकीच्या युरोपशी जुळवून घेताना अकरा दिवस जास्तीचे होत होते, ते कायदा करून काढून टाकले. लोक दोन सप्टेंबरला झोपले ते चौदा सप्टेंबरला उठले. मी दोनदा वाचलं. माझ्या धंद्यात कुणी असे अकरा दिवस काढून टाकले तर त्याला आम्ही कामावरून काढू, असं मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून अनघा म्हणाली, "त्यात काय एवढं? आपल्याकडे तिथीचा क्षय होतोच की. कधी एक गेली, कधी एक वाढली, अधिक महिना आला. त्यांना एकदाच करायला लागलं म्हणून एवढा गाजावाजा."

तरी माझी खात्री पटेना. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात ग्रॅहमला विचारलं. तो आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, यॉर्कशरचा, आखातात वीस वर्षं काढलेला, सगळ्यांना हबीबी म्हणणारा. त्यालाही माहीत नव्हतं. त्याने कॉम्प्युटरवर शोधलं, वाचलं, आणि म्हणाला की आपल्या देशाचा इतिहास आपल्याला भारतातली मुलगी शिकवते आहे हे बायकोला सांगायचं नाही. मग आम्ही तीस चौकटी आखल्या, तीन सप्टेंबरला महायुद्ध लिहिलं, आणि तीन ते तेरा यांच्यावरून रेवाने एक लाल पट्टी तिरपी चिकटवली.

तक्ता शाळेत गेला आणि त्याच आठवड्यात गणपती आले. त्या वर्षी चतुर्थी तीन सप्टेंबरला होती. रमझानही नुकताच सुरू झाला होता, त्यामुळे ऑफिस दोनला सुटायचं. बर दुबईतल्या दुकानातून शाडूची वीतभर मूर्ती आणली, ऐंशी दिरहॅमची. अनघाने गाडीतच हिशोब मोठ्याने केला, हजाराला थोडे कमी, आणि म्हणाली, मिरजेत एवढ्यात हातभर आली असती.

आमच्या घराण्यात गणपती दीड दिवसाचा. मिरजेला माझा थोरला भाऊ अण्णा बसवतो, इथे आम्ही एक आपली हौस म्हणून बसवत होतो, पण दिवस तेवढेच. चार तारखेला संध्याकाळी मी विसर्जनासाठी नवी बादली धुऊन भरून ठेवली. रेवा बादलीसमोर पाय पसरून बसली. तिचं म्हणणं असं होतं की गणपती तीन तारखेला आले, आणि तीन ते तेरा हे दिवस मुळी नाहीतच, हे बाबांनी स्वतःच्या हाताने तक्त्यावर आखलेलं आहे. म्हणजे गणपती अजून एक दिवससुद्धा राहिलेले नाहीत. चौदा तारीख उजाडेल तेव्हा बघू.

मी म्हटलं, ते ब्रिटनमध्ये, आणि तेसुद्धा एकाच वर्षी. ती म्हणाली, मग तक्ता अख्ख्या शाळेत का लावलाय? मी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे पाहिलं. चौदा तारखेला अनंत चतुर्दशी होती. मला आकडे जुळले की बरं वाटतं. हे इतके बरोबर जुळले की मी बादली थोडी बाजूला सरकवली. अनघाला विचारलं तर ती म्हणाली, "राहू दे की. घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतंय."

पण कुळाचार मोडायचा तर अण्णाला विचारायला हवं. फोन लावला. अण्णाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता इंग्रजांचं कॅलेंडर बघून गणपती ठेवणार होय रे सुध्या?" मग त्याचा आवाज बदलला. "हे बघ, दीडाचे अकरा करायला एक मिनिट लागतं. पण एकदा वाढवलेस की दरवर्षी अकरा. जमलं नाही म्हणून परत दीडावर यायचं नसतं. तू परक्या मुलखात, नोकरी दुसऱ्याच्या हातात. पुढच्या वर्षी कुठे असशील हे तुला ठाऊक आहे का?"

ठाऊक होतं, असं मला त्या दिवशी वाटत होतं. माझ्याकडे दोन हजार अकरापर्यंतच्या पट्ट्या आखून तयार होत्या. मी हो म्हणालो.

ते दिवस अजून नाकात आहेत. दुर्वा आणि कापूर, उकडीची वाफ, काचेवर बाहेर साचलेलं दव. मगरिबची अजान झाली की मग आम्ही आरती म्हणायचो, हळू आवाजात, टाळ्यासुद्धा बोटांनी. शेजारच्या हैदराबादी कुटुंबाकडे इफ्तारीच्या वेळी मोदक जायचे आणि ताट रिकामं परत यायचं नाही. रोज सकाळी रेवा मूर्तीसमोर उभी राहून इंग्रजीत काहीतरी सांगायची. ग्रॅहमला मी ही सगळी हकीकत सांगितली तेव्हा तो म्हणाला, म्हणजे आमच्या लोकांनी हरवलेले अकरा दिवस तुझ्या हॉलमध्ये सापडले म्हणायचे.

चौदाला, रविवारी, विसर्जन झालं. बादलीतली माती आम्ही कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली. आणि पंधराला अमेरिकेत एक मोठी बँक बुडाली.

पहिले काही आठवडे आमच्याकडे कुणालाच त्याचा अर्थ कळला नाही. वाळूत क्रेन उभ्या होत्या, त्या फिरत होत्या. दिवाळीनंतर त्या एकेक करून थांबल्या. लिफ्टमध्ये भेटणारी माणसं दिसेनाशी झाली. खाली फर्निचर विकायच्या चिठ्ठ्या लागल्या, एकावर एक. जो तो एकच सल्ला द्यायचा, फॅमिली पाठवून दे, बॅचलर हो, टिकून राहा. अण्णाचा फोन आला. तो अनघाने घेतला. त्याने सगळ्यांची चौकशी केली आणि शेवटी म्हणालाच, "तरी सांगत होतो."

अनघाने फोन ठेवला आणि मला विचारलं, "अहो, खरंच तसं असेल?"

मी तिला म्हटलं की ज्यांनी वेळेवर दीड दिवसात विसर्जन केलं त्यांच्याही नोकऱ्या जाताहेत, आणि ज्यांच्याकडे गणपती बसतच नाही त्यांच्याही. आपल्या हॉलमधल्या वीतभर मूर्तीवर एवढ्या मोठ्या बँकेचा भार टाकू नकोस. तिला ते पटलं. मला स्वतःला पटायला थोडा जास्त वेळ लागला.

जानेवारीत आमचं काम थांबलं. हेड ऑफिसने सांगितलं की वेळापत्रकातून ते काम काढून टाका. मी कॉम्प्युटरसमोर बसून माझ्याच पट्ट्या पुसल्या. काचा, रंग, लिफ्ट, बाग. दोन हजार अकरा गेलं, दहा गेलं. काढून टाकलेले दिवस कसे दिसतात ते मला तेव्हा पडद्यावर दिसलं, अगदी स्वच्छ पांढरे. ग्रॅहमलाही जायला सांगितलं होतं. निघण्याआधी त्याने रास अल खैमातल्या एका सिमेंट कारखान्याच्या वाढीव कामावर माझं नाव सुचवलं. ती नोकरी मिळाली. पगार पुष्कळ कमी, आणि राहायला साइटवर एकट्यापुरती खोली.

अण्णा लगेच म्हणाला, पाठव दोघींना इकडे. वरची खोली रिकामीच आहे, शाळेचं मी बघतो. तो मनापासून बोलत होता. मग मागचं विसरून पुढे म्हणाला, आणि गणपतीची काळजी करायचं कारण नाही, त्या इथे आल्या की इथला दीड दिवसाचा आहेच, तुझा तो अकरा दिवसांचा घोळ आपोआप मिटेल.

एप्रिलची तिकिटं बघायची ठरली. जेवणाच्या टेबलावर मी हे रेवाला नीट समजावून सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. बाबा तिकडे, तुम्ही मिरजेला, वर्षभराचा प्रश्न आहे. ती रडली नाही. भाताचा घास तसाच ठेवून म्हणाली, "बाबा, यू कान्ट गिव्ह समवन इलेव्हन डेज अँड देन टेक देम बॅक."

अनघाने माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत तेच वेगळ्या शब्दांत विचारलं, "आपण शब्द दिलाय ना?"

गणपतीसाठी कुणी देश धरून राहत नाही, हे मला कळतं. तिघांनाही एकमेकांना सोडायचं नव्हतं आणि ते कुणाला म्हणता येत नव्हतं, एवढंच ते होतं. पण बोलायला गणपती सापडला. अकरा दिवसांचा गणपती साइटवरच्या एका खोलीत एकटा पुरुष कसा करणार? त्याला घर लागतं, घरात माणसं लागतात. मी नेहमीच्या सवयीने कागद घेतला आणि उलट्या बाजूने आखणी केली. शेवटची पट्टी भाद्रपदातली धरली आणि तिथे पोचायला आधी काय काय व्हायला हवं ते मागे मागे लिहीत आलो. घर लहान हवं. शाळा साधी हवी. अनघाने काम शोधायला हवं. मला रोज जाऊन-येऊन करायला हवं. यातलं अशक्य असं काहीच नव्हतं. अवघड सगळंच होतं.

मार्चअखेर आम्ही दुबईत, अल कुसैसला, एका बेडरूमच्या घरात आलो. खिडकीतून खाडी दिसायची त्याऐवजी गॅरेज दिसायला लागलं. रेवा भारतीय शाळेत गेली. तिथे तिला पहिल्याच आठवड्यात शिवाजी महाराजांवर निबंध आला आणि ती माझ्यावर रागावली, कारण तिला सगळे राजे माहीत होते, हाच नव्हता. अनघाला एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम मिळालं. मी पहाटे कंपनीच्या बसने रास अल खैमाला जायचो आणि संध्याकाळी भुवयांवर सिमेंटची धूळ घेऊन परत यायचो. कढीपत्त्याची कुंडी घर बदलताना मांडीवर आणली होती. ती जगली.

त्या वर्षी गणपती ऑगस्टातच आले, पुन्हा रमझानात. अकरा दिवस पाळले. आणि विसर्जन आलं ते बरोबर तीन सप्टेंबरला. रेवाने कॅलेंडर बघितलं, लाल पेन घेतला आणि तीन ते तेरा अशी रेघ मारली. म्हणाली, गेल्या वर्षी हे अकरा दिवस गणपतींचे होते, आता हे आपले. त्या दिवसांत घरात नोकरी, भाडं, व्हिसा असले शब्द काढायचे नाहीत, कारण दिवसच नाहीत तर काळजी कुठे ठेवणार? तेव्हापासून ही पद्धत पडली. गणपतीच्या तारखा दर वर्षी मागेपुढे होतात, ही रेघ मात्र हलत नाही. काळजी चौदाला पुन्हा येतेच. पण अकरा दिवस बाहेर थांबल्यामुळे थोडी वाळलेली असते.

मी नंतर त्या सतराशे बावन्नबद्दल थोडं वाचलं. आमचे अकरा दिवस परत द्या म्हणून लोकांनी दंगल केली असं सांगतात. ते बहुधा खरं नाही, मागाहून जोडलेलं आहे, असं जाणकार म्हणतात. मी ते आता कुणाला सांगत नाही. पण एक गोष्ट खरी आहे आणि मला ती दंगलीपेक्षा मोठी वाटते. कायदा करणाऱ्यांनी त्यातच लिहून ठेवलं होतं की तारखा पुढे गेल्या म्हणून कुणाचं भाडं किंवा देणं अकरा दिवस आधी मागायचं नाही. कागदावरचे दिवस काढले, पण माणसांच्या वाट्याचे दिवस त्यांना मोजून पुरे दिले. दोन हजार नऊ साली आमच्या पट्ट्या पुसायला लावणाऱ्यांपैकी कुणाला हे सुचलं असतं तर बरं झालं असतं.

आणि ती बेकरीची आग. रेवाच्या तक्त्यावर दोन सप्टेंबरच्या चौकटीत तिने ज्वाळा रंगवल्या होत्या, जागा संपेपर्यंत. पुढचं लिहायला जागाच उरली नाही. पुढचं असं की ते शहर नंतर लाकडाऐवजी विटांचं आणि दगडाचं बांधलं गेलं. ज्या तारखेला काही जळतं ती तारीख पाठ होते. पुन्हा बांधून पुरं झालं ती तारीख कुणी सांगत नाही, कारण ती एका दिवशी होतच नाही. आमच्या जुन्या कामावरच्या क्रेनही दोन-तीन वर्षांनी फिरायला लागल्या. कोणत्या दिवशी ते माझ्याकडे टिपलेलं नाही. एका सकाळी बसमधून दिसल्या, एवढंच.

आता दोन हजार सोळा आहे. आम्ही अजून अल कुसैसलाच आहोत, त्याच इमारतीत, फक्त वरच्या मजल्यावर, दोन बेडरूमच्या घरात. रेवा अठरा वर्षांची झाली. ती संख्याशास्त्र शिकायला इंग्लंडला चालली आहे. तिचं विमान सोळा सप्टेंबरचं आहे, कारण विसर्जन पंधराला आहे आणि त्याआधीचं तिकीट तिने बघूच दिलं नाही. घरात हॉलभर बॅगा उघड्या पडल्यात. अनघा लोणच्याच्या बाटल्यांना प्लास्टिक गुंडाळते आणि मध्येच उगाच आत जाऊन येते.

काल अण्णाचा फोन आला. तो आता सत्तरीला टेकला आहे, वहिनी गेल्यापासून बोलतो कमी. आधी रेवाची, मग थंडीच्या कपड्यांची चौकशी झाली.

"सुध्या, माझ्याकडचे दीड दिवस सहा तारखेला संध्याकाळी संपतात," तो म्हणाला. "तुमच्याकडे मग साडेनऊ उरतात ना?"

मी उरतात म्हणालो.

"मग येऊ का मी तेवढ्याला? पोरीला पोचवायला पण होईल."

आठ वर्षांत अण्णा इथे एकदाही आला नव्हता. माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं, व्हिसाला इतके दिवस, सातचं विमान धरलं तर प्रवासाचा दिवस वजा, म्हणजे साडेनऊ नाही, आठाच्या आसपास. मी तेच सांगणार होतो. रेवाने माझ्या हातातून फोन घेतला. ती घरात आमच्याशी इंग्रजीत बोलते, पण त्याच्याशी नेहमी मराठीत.

"या काका," ती म्हणाली. "आणि मोजू नका. ते दिवस मोजायचे नसतात."

पलीकडून अण्णाचं हसणं मला इकडे ऐकू आलं.

फोन झाल्यावर मी फूटपट्टी आणि लाल पेन घेऊन फ्रिजपाशी गेलो. यंदाची रेघ राहिली होती. तीनवर पेन टेकवला आणि नेहमीसारखी सरळ ओढत तेरापर्यंत आणली. तिथे थांबलो नाही. चौदा ओलांडली, पंधरा ओलांडली आणि सोळाच्या चौकटीच्या कडेला टेकवून पेन उचलला. रेवा मागे उभी राहून बघत होती. तारखा चुकल्या, असं ती म्हणाली नाही.